मुख्य चालक: मी

सोमवार, २

विमावाल्याने आज मला तीनदा विचारलं, "गाडी चालवणार कोण?" तिन्ही वेळा मी सांगितलं, "मी." तिसऱ्यांदा त्याने मान डोलावली आणि फॉर्मवर ह्यांचं नाव लिहिलं.

"अहो, मी समोर बसलेय," मी म्हटलं.

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी सांगतो. साहेबांकडे बावीस वर्षांचा अनुभव. तुमच्याकडे काय, आठवड्याभराचा शिकाऊ परवाना. मुख्य चालक साहेब, आणि तुम्ही आपल्या अधूनमधून. हप्ता कमी बसतो. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात म्हटलं की माझं डोकं फिरतं. फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि उठून आले. जिना उतरल्यावर लक्षात आलं की विमा नाही म्हणजे गाडी रस्त्यावर काढता येणार नाही, म्हणजे सराव नाही, म्हणजे परीक्षा नाही. बाणेदारपणा कुठे दाखवावा हे मला आजवर कळलेलं नाही.

हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून ही वही उघडली. घरात हे आहेत, पण ह्यांच्याशी मी सध्या कामापुरतंच बोलते.

त्याचं कारण लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना मीच मला भांडखोर ठरवीन. एकोणीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढते. सकाळी सहा ते अकरा, दहा-बारा घरं, आणि नमुने दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचले पाहिजेत. इतकी वर्षं हे मला मोटरसायकलवरून फिरवायचे आणि मग रंगाच्या कंपनीच्या फिरतीवर जायचे. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी म्हणाले, "आजपासून बसने जा. माझी पाठ धरते." एवढंच. गाडीवर कव्हर चढलं. ह्यांनी फिरती सोडून गोदामात बसायचं काम मागून घेतलं, आणि मी हातात नमुन्यांची पेटी घेऊन बसच्या रांगेत. चारदा नमुने उशिरा पोचले. मॅनेजरने सरळ सांगितलं, एक तारखेपासून ज्यांच्याकडे वाहन आणि पक्का परवाना असेल त्यांनाच घरोघरची फेरी. बाकीच्यांनी तळघरात बसून नळ्यांवर लेबलं चिकटवायची.

लेबलं! ज्यांची शीर कुणाला सापडत नाही ते म्हातारे लोक फोन करून 'त्याच बाई पाठवा' म्हणतात, आणि त्या बाईंनी लेबलं चिकटवायची. जमणार नाही. परीक्षा तीस तारखेला आहे.

गुरुवार, ५

विमावाला नरमला. मी नरमले नाही, हे इथे नोंदवते. त्याने एक महिन्याचा, फक्त सरावापुरता विमा काढून दिला, माझ्या नावावर. अटी अशा की मागे पक्का परवाना असलेलं माणूस बसलेलं हवं आणि कामासाठी गाडी वापरायची नाही. परीक्षेआधी मात्र पुरा विमा काढावा लागेल आणि त्यावर मालक म्हणून ह्यांची सही लागेल. फॉर्म त्याने बरोबर दिला.

मी तो ह्यांच्यापुढे ठेवला. "बघतो," म्हणाले. वर्तमानपत्राखाली गेला तो फॉर्म. वर्तमानपत्र तरी कुठे वाचतात हल्ली, नुसतं धरून बसतात.

रविवार, ८

तीनदा पडले. गुडघा निळा, कोपर सोललेलं. तरी आनंदात आहे, का ते माहीत नाही.

शिकवायला आमच्या खालच्या मजल्यावरची पार्सलवाली आहे. अठ्ठावीस वर्षांची, दिवसभर मोटरसायकलवरून खोकी पोचवते, बोलणं एकदम रोखठोक. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात घेऊन गेली. पहिला धडा, समोर बघायचं. गाडी तुमची नजर जाईल तिकडे जाते म्हणे.

आणि माझी नजर जाते हाताकडे. एकोणीस वर्षांची खोड आहे. आमच्या कामात बोट जिथे, डोळा तिथे. समोरचा माणूस रडो, हसो, त्याच्या तोंडाकडे बघितलं की सुई हललीच म्हणून समजा. त्यामुळे क्लच दाबला की मी क्लचकडे बघते, गिअर टाकला की पायाकडे, आणि गाडी आपली भिंतीकडे.

"काकू, क्लचमध्ये शीर नाही शोधायची!" पार्सलवाली मागून ओरडली. ती उडी मारून उतरली, मी गाडीसकट आडवी.

घरी आले तर हे जिन्यात भिंतीला धरून उभे. "लागलं का?" विचारलं. मी म्हटलं, "दिसत नाही का?" आणि पुढे गेले. पाठदुखी असलेल्या माणसाने जिन्यात कशाला उभं राहायचं?

गुरुवार, १२

आज पडले नाही. गाडी सुरूच झाली नाही.

रविवार, १५

आज इतका संताप झालाय की अक्षर नीट येत नाहीये.

न सांगता हे कारखान्याच्या आवारात आले. फाटकाचा गज धरून उभे राहिले. आठच्या आकड्याचा सराव चालला होता. परीक्षेत तोच काढायचा असतो, पाय न टेकता. पहिलं वळण झालं, दुसऱ्या वळणाला मी परत हाताकडे बघितलं आणि पार पलीकडच्या टोकाला धाडकन पडले. पाय गाडीखाली. पार्सलवालीने गाडी उचलली, मी धूळ झटकली आणि गाडी ढकलत फाटकाशी आले. तर हे काय म्हणाले? "छान. दुसरं वळण चांगलं घेतलंस."

"टोमणे मारायला आलात का इथे?"

"टोमणा कसला? आवाज थांबला. मला वाटलं, व्यवस्थित थांबलीस."

"हो, व्यवस्थित थांबले. जमिनीवर."

ह्यांचं तोंड उतरलं. उतरू दे. वर आणखी शहाणपणा सांगितला, "क्लच झटक्यात सोडतेस, इंजिन ओरडतं. बघून सोडू नकोस, ऐकून सोड." स्वतः गाडी सोडून बसले आणि मला शिकवणार!

पार्सलवाली मघापासून ह्यांच्याकडे टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "काका, चला, मी घरी सोडते तुम्हाला." घर चालत सात मिनिटांवर! तिने ह्यांचा दंड धरला आणि हेही गुपचूप निघाले. पुरुषमाणसाची पाठ धरली की सगळं जग धावतं. माझा गुडघा कुणी विचारला नाही.

मंगळवार, १७

लिहायला नको वाटतंय, पण खोटं लिहायचं तर वही कशाला. ह्यांचं ऐकून बघितलं. क्लच सोडताना फक्त आवाज ऐकला. इंजिनाचा सूर जरा खाली येतो, तिथे हात थांबवायचा. हाताकडे बघायची गरजच पडली नाही, आणि डोळे मोकळे झाल्यावर ते आपोआप समोर गेले. सलग चार आठ काढले. पार्सलवालीने मागे बसून शिट्टी मारली.

ह्यांना सांगितलं नाही.

गुरुवार, १९

फॉर्म चौदा दिवस वर्तमानपत्राखाली. आज मीच काढला आणि म्हटलं, "आज सही झाल्याशिवाय जेवायला वाढणार नाही."

"वाचून दाखव."

"का, शाळेत गेला नव्हतात?"

"चष्म्याचा नंबर जमत नाहीये."

यंदाचा हा दुसरा चष्मा. चष्मेवाल्याने लुटलंय ह्यांना. मी कोर्टातल्या कारकुनासारखं भराभरा वाचत गेले. गेल्या बारा महिन्यांत गाडीला अपघात? मी 'नाही' लिहिणार तेवढ्यात हे म्हणाले, "एक लिही."

"कसला एक?"

"हातगाडीला धडकलो होतो. तू नव्हतीस."

"चालत्या?"

"उभ्या."

"भर दुपारी, उभ्या हातगाडीला?"

"हो म्हटलं ना."

मला हसू आवरेना. बावीस वर्षांचा अनुभव! विमावाल्याला हे सांगायलाच हवं. हे हसले नाहीत. पुढचा प्रश्न, आधीच्या चालकाने गाडी चालवणं बंद केलं असल्यास कारण. मी म्हटलं, "पाठदुखी लिहू?"

हे उठले, तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. हल्ली पाणी फार पितात, एवढी एक चांगली सवय लागलीय. म्हणाले, "ती जागा मोकळी ठेव. सही मी विमावाल्याकडे येऊन करीन. मंगळवारी."

म्हणजे अजून पाच दिवस. उघड आहे, ह्यांना गाडी माझ्या हातात द्यायची नाही. सरळ नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून हे खेळ. मी 'मुख्य चालक' समोर माझं नाव लिहिलं, इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.

रविवार, २२

आज आठ काढले, अकरा वेळा. एकदाही पाय टेकला नाही. परवा सही झाली नाही तर मी ह्यांच्या हाताला धरून करून घेईन.

मंगळवार, २४

हाताला धरूनच करून घेतली.

जसं झालं तसं लिहिते. विमावाल्याच्या टेबलापाशी आम्ही दोघं बसलो. तो आपला गोड गोड बोलत होता. "साहेब, शेवटचं विचारतो, मुख्य चालक तुमचं नाव ठेवूया? वहिनींचा हट्ट आपण घरात पुरवू, कागदावर कशाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "नाही. ती लिहिते तेच बरोबर आहे. गाडीही तिच्याच नावावर करायची आहे. त्याचे कागद काढा."

विमावाल्याने पेन दिलं, बोट ठेवून जागा दाखवली, "इथे, साहेब." ह्यांनी पेन टेकवलं आणि सही केली. कागदाच्या बाहेर. टेबलाच्या काचेवर. आपलं पूर्ण नाव, वळणदार, शेवटची रेघ ओढून, काचेवर.

विमावाला माझ्याकडे बघायला लागला. हे पेन तसंच धरून म्हणाले, "झाली ना?"

मी ह्यांचं मनगट धरलं. रोज दहा-बारा मनगटं धरते मी. पेनाचं टोक कागदावर नेऊन ठेवलं. "आता करा," म्हटलं. त्यांनी केली. मग त्या मोकळ्या ठेवलेल्या जागेकडे मान करून, म्हणजे साधारण तिकडे, ते म्हणाले, "तिथे लिही, दिसत नाही. उजव्या डोळ्यासमोर काळं जाळं आहे, डाव्याने धुरकट."

"कधीपासून?"

"सात-आठ महिने. आधी थोडं होतं."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. मी ओरडले. रस्त्यावरचे लोक बघत होते, तरी ओरडले. मला का नाही सांगितलं? मी कोण आहे? हे म्हणाले, "आठवतं, सिग्नलजवळ ती बाई रस्ता ओलांडत होती? तू मागून किंचाळलीस म्हणून मी ब्रेक दाबला. मला ती दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तुला बसने पाठवलं."

मला आठवत होतं. त्या दिवशी मी ह्यांना, लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून सगळ्या रस्ताभर झापलं होतं.

"मग पाठीचं खोटं कशाला?"

"खरं सांगितलं असतं तर तू कामावर रजा टाकून माझ्या उशाशी बसली असतीस. रागावलीस तर शिकायला निघालीस. म्हटलं, आधी शिकू दे."

माझ्या रागावर ह्यांचा एवढा भरवसा!

बुधवार, २५

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्यावर रक्त उतरलंय. साखर वाढल्याने होतं. साखर किती असते? हे म्हणाले, कधी तपासली नाही.

कधी तपासली नाही. या माणसाची बायको एकोणीस वर्षं लोकांच्या साखरेचं रक्त काढत फिरतेय. तांब्या तांब्या पाणी पिणारी माणसं मी दारातून ओळखते आणि सांगते, काका, तपासून घ्या. घरात मला ती चांगली सवय वाटली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डॉक्टरीणबाईंच्या समोर रडले, आणि तसंच रडत तिथेच ह्यांचं रक्त काढलं, कारण तिथली मुलगी दोनदा चुकली होती आणि तिसऱ्यांदा तिला मी टोचू दिलं नसतं.

आकडा लिहीत नाही. फार होता. औषधं सुरू झाली, डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची आहेत दर महिन्याला. गेलेलं परत येणार नाही म्हणाल्या, उरलेलं टिकवायचं. गाडी कायमची बंद.

पार्सलवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या रविवारीच कळलं, काकू. काकांनी शपथ घातली होती." तिच्यावरही ओरडले. मग तिने चहा केला, तो प्यायले.

शुक्रवार, २७

मॅनेजरला कुठून तरी कळलं. केबिनमध्ये बोलावून आवाज मऊ केला. "मॅडम, घरी असं असताना धावपळ कशाला? तळघरातलं काम बरं. एका जागी, ठरलेल्या वेळेचं. तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो."

परवापर्यंत माझ्याकडे वाहन नाही म्हणून तळघर, आता नवऱ्याला दिसत नाही म्हणून तळघर. ह्याला तळघर भरायचंय, एवढंच. मी म्हटलं, "सर, एक तारखेची फेरी माझ्या नावावर लावून ठेवा. परवाना नाही आणला तर मी स्वतः लेबलं घेऊन खाली जाईन."

"आणि परीक्षेत पडलात तर?"

"पडायचा सराव झालाय माझा," म्हणून मी बाहेर आले.

सोमवार, ३०

पास झाले. आधी तेच लिहिते.

गाडी पार्सलवालीने नेली, आम्ही दोघं बसने गेलो. आठ काढायला मी सतरावी होते. तपासनीस खुर्चीत वही घेऊन बसलेला. सुरुवातीलाच डोळे परत हाताकडे जायला लागले, तेव्हा मी कानावर भिस्त ठेवली. सूर खाली आला, हात थांबवला, मान वर. दोन्ही वळणं पार. तपासनीसाने वर न बघता शिक्का मारला. एवढ्यासाठी महिनाभर हाडं खिळखिळी करून घेतली, पण त्या शिक्क्याचा आवाज मला फार आवडला. पार्सलवालीने मला गच्च मिठी मारली आणि बस पकडून कामावर पळाली.

पावती घेऊन आत आले तर हे बाकावर नाहीत. शोधते तर परवान्याच्या खिडकीपाशी. रांगेतले लोक हसत होते.

"हरवलाय का?" कारकून विचारत होता.

"हरवला नाही. हा बघा. परत द्यायचाय."

"नूतनीकरण?"

"अहो, परत. मला नीट दिसत नाही. ठेवून घ्या हा."

"परत द्यायचा फॉर्म नसतो, काका. कुणी देतच नाही. मुदत संपली की आपोआप बाद होतो."

"कधी संपते?"

कारकुनाने बघितलं. "अजून चार वर्षं."

"म्हणजे चार वर्षं मी चालवली तर चालेल?"

"कागदावर चालेल."

मागचा एकजण म्हणाला, "काका, घरी ठेवा की, आठवण म्हणून." पुन्हा हसले सगळे. ह्यांचा हात खिडकीत तसाच, परवाना पुढे धरलेला. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "खरंच ठेवूया ना घरी. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," हे म्हणाले. "तू फेरीवर गेलीस की घरात मी, किल्ली आणि हा. एखाद्या दिवशी डोळा बरा वाटेल आणि मी निघेन. मला माहिती आहे मी निघेन."

मग मी खिडकीत डोकं घातलं. "फॉर्म नाही ना? कोरा कागद द्या."

"बाई, तसा नियमच नाही..."

"परत घेऊ नये असा नियम आहे का? असेल तर दाखवा. नसेल तर कागद द्या. ह्यांनी उद्या कुणाला उडवलं तर मी याच खिडकीत येऊन सांगेन की आम्ही द्यायला आलो होतो, तुम्ही घेतला नाहीत."

कागद मिळाला. तिथेच उभी राहून अर्ज लिहिला. महिनाभर एका कागदावर माझं नाव चढावं म्हणून भांडले, आणि आज दुसऱ्या कागदावरून ह्यांचं उतरावं म्हणून. सहीच्या जागी माझं बोट ठेवलं, त्याला टेकवून ह्यांनी सही केली, आणि ती नीट कागदावर आली. कारकुनाकडून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. रांगेत कुणी हसलं नाही.

बाहेर गाडीपाशी आलो. हे सवयीने पुढेच गेले, टाकीवर हात ठेवला आणि थांबले.

"मागे," मी म्हटलं.

ह्यांना मागे बसताच येईना. बावीस वर्षांत कधी बसलेच नव्हते. पाय कुठे ठेवायचे ते मी सांगितलं, आणि कुठे धरायचं तेही. त्यांनी माझा खांदा धरला, जरा जास्तच घट्ट. गाडी सुरू झाली तसे म्हणाले, "समोर काय काय आहे ते सांगत जा."

मी सांगत निघाले. सिग्नल हिरवा आहे. डावीकडून बस येतेय, जाऊ दे तिला. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चाललाय. रस्ता खोदलाय, बाजूने काढते. शाळा सुटलीय, पोरंच पोरं, हळू घेते. नीट समोर बघत, मोठ्याने, सबंध रस्ता. पुलाच्या चढावर मला एकदम रडू आलं आणि मी बोलायची थांबले.

ह्यांनी खांदा दाबला. "पुढे?"

पूल संपतोय, मी म्हटलं. पुढे रस्ता मोकळा आहे.